कोणत्या साली, कुठे होतात?

अमेरिकेत संसर्गजन्य आजारांच्या फेलोशिपच्या (रेसिडेन्सीनंतरच्या पुढच्या शिक्षणाच्या) दुसऱ्या वर्षी आयसीयूत एक पेशंट आला. पासष्टी ओलांडलेला माजी सैनिक, सिगारेटने फुप्फुसं गेलेली, दम वाढला म्हणून दोन आठवडे स्टिरॉइडवर. रक्तात आतड्यातले जंतू वाढत होते आणि आतड्याला कुठे भोक पडलेलं दिसत नव्हतं. आम्ही फेलो मंडळी सीटी स्कॅन वरखाली करत बसलो होतो. आमचे अटेंडिंग, म्हणजे वरिष्ठ डॉक्टर, आले, त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्ची ओढून पेशंटच्या बायकोशेजारी बसले आणि विचारलं, "हे व्हिएतनामला कोणत्या साली होते? जमिनीवर की जहाजावर?" १९६८. जमिनीवर. भर पावसाळ्यात. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जा, थुंकीचा नमुना स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघून ये." काचेवर अळ्या वळवळत होत्या.

स्ट्राँगिलॉइडिस नावाचा हा जंत. ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीवाटे आत शिरतो आणि आतड्यात स्वतःची पिलावळ पुन्हा पुन्हा वाढवत दशकानुदशकं राहू शकतो. बाकीचे बहुतेक जंत कधी ना कधी म्हातारे होऊन मरतात, याचं घराणं मात्र चालू राहतं. प्रतिकारशक्ती शाबूत आहे तोवर तो गप्प असतो. स्टिरॉइड दिलं की अळ्या आतड्याची भिंत ओलांडून फुप्फुसात, रक्तात, कधी मेंदूपर्यंत जातात आणि जाताना आतड्यातले जंतूही बरोबर नेतात. हा माणूस पंचेचाळीस वर्षं ते बिऱ्हाड पोटात घेऊन हिंडत होता. जुन्या रिपोर्टांत इओसिनोफिल, म्हणजे जंत किंवा ॲलर्जी असली की वाढणाऱ्या रक्तातल्या पेशी, वर्षानुवर्षं वाढलेल्या दिसत होत्या. त्यापुढे कुणीतरी 'ॲलर्जी?' असं लिहून ठेवलेलं. आयव्हरमेक्टिनवर तो वाचला. सगळे वाचत नाहीत. (कोविडनंतर याच गोळीचं नाव काढलं की घरचे आधी माझ्या तोंडाकडे बघतात. कोविडवर ती चालते असं मानणाऱ्यांतली मी नाही, हे पटवण्यात अर्धा वेळ जातो.)

पेशंटांचे तपशील मी इथे थोडे बदलले आहेत, गोष्ट तीच आहे.

मी सातारा जिल्ह्यातली. एमबीबीएस पुण्याला केलं, मग अमेरिकेत मेडिसिनची रेसिडेन्सी, मग संसर्गजन्य आजारांची फेलोशिप, आणि २०१४ पासून मिडवेस्टमधल्या एका व्हीए हॉस्पिटलात. व्हीए म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचं माजी सैनिकांसाठीचं खातं. आपल्याकडच्या ईसीएचएसशी, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेशी, तुलना करायचा मोह होतो, पण ईसीएचएस बरचसं काम बाहेरच्या हॉस्पिटलांकडून करून घेते. व्हीएची स्वतःची सुमारे १७० हॉस्पिटलं आहेत, हजारावर दवाखाने आहेत आणि नोंदणी झालेले सुमारे ९० लाख माजी सैनिक. अमेरिकेत एरवी न दिसणारी सरकारी आरोग्यसेवा बघायची असेल तर ती इथे दिसते. ससूनला इंटर्नशिप केलेल्या माणसाला लांबलचक कॉरिडॉर, फॉर्म आणि 'साहेब जेवायला गेलेत' हे सगळं फारसं परकं वाटत नाही.

'आयडी (संसर्गजन्य आजारांची शाखा) घेऊ का, आणि घेतलं तर व्हीए बरं का' असं मला ज्युनियर मंडळी विचारत असतात. त्यांच्या डोक्यात बहुतेक इबोलाचे पांढरे सूट असतात. तर आधी रोजचं काम सांगते.

रोजचं काम म्हणजे पाय. मधुमेहाने बधिर झालेले, जखम हाडापर्यंत गेलेले, अर्धी बोटं आधीच कापलेले पाय. हाडात जंतुसंसर्ग झालाय का, सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक द्यायचं की गोळ्यांवर भागेल, की सर्जनला सांगायचं की आता कापा. त्याखालोखाल रक्तातला स्टॅफ ऑरियस नावाचा जंतू, हृदयाच्या झडपेवर बसलेला, मणक्यात पू केलेला, कृत्रिम गुडघ्यात शिरलेला. मणक्याला मार लागून व्हीलचेअरवर आलेल्यांच्या पाठीच्या जखमा आणि लघवीचे जंतुसंसर्ग. एचआयव्हीचा दवाखाना, कारण देशात एचआयव्हीच्या सर्वाधिक पेशंटांची काळजी घेणारी एकच एक संस्था व्हीए आहे. आणि या सगळ्यात रस्त्यावर राहणारा पेशंट आला की प्रश्न असा, की ज्याला घर नाही, फ्रिज नाही, त्याला दंडातल्या शिरेत लाइन (नळी) घालून घरी औषध कसं द्यायचं? तिथे सोशल वर्कर तुमच्यापेक्षा मोठी डॉक्टर. तिचा एक्स्टेन्शन नंबर पहिल्याच दिवशी पाठ करा.

मग ते १९६८ वगैरे कधी? तर तो प्रश्न प्रत्येकाला विचारायचा आणि पन्नासात एकदा तो उपयोगी पडणार, हे धरून चालायचं. व्हिएतनामला जमिनीवर होता म्हटलं की स्ट्राँगिलॉइडिस, आणि मेलिऑइडोसिस, भाताच्या खाचरातल्या जंतूचा आजार, जो वर्षानुवर्षं दबा धरून बसू शकतो. इराक किंवा अफगाणिस्तान म्हटलं की क्यू फीवर, ब्रुसेला, लिशमॅनिया. कॅलिफोर्नियाच्या किंवा ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या तळावर नुसतं प्रशिक्षण झालं असेल, तरी फुप्फुसातली गाठ कॅन्सरची नसून कॉक्सी बुरशीची निघू शकते. इराकमधून जखमी सैनिक येऊ लागले तेव्हा त्यांच्या जखमांत कुठल्याच औषधाला दाद न देणारा ॲसिनेटोबॅक्टर सापडायचा. त्याला लोकांनी 'इराकीबॅक्टर' नाव ठेवलं आणि दोष तिथल्या मातीला दिला. पुढे शोध घेतल्यावर माग निघाला तो मुख्यतः युद्धभूमीवरच्या हॉस्पिटलांपर्यंत, म्हणजे आपल्याच लोकांपर्यंत. हे उदाहरण मी प्रत्येक फेलोला सांगते, विशेषतः जो हात न धुता वॉर्डात शिरतो त्याला.

भारतात शिकल्याचा इथे उघड फायदा होतो. हिवताप, टीबी, लेप्टो, अमिबाचा यकृतातला गळू हे इथल्या मुलांनी चित्रात पाहिलेलं असतं, आपण खाटेवर पाहिलेलं असतं. तोटाही आहे. पहिल्या वर्षी मला सगळीकडे टीबी दिसायचा.

प्रश्न कसा विचारायचा हे मात्र मला कुणी शिकवलं नाही, आणि मी तो वाईट विचारला. एकाला विचारलं, "व्हिएतनामला होतात ना?" डोक्यावर तशी टोपी होती, वयही जुळत होतं. तो म्हणाला, "नाही, मी जर्मनीत होतो," आणि असा म्हणाला की जणू गुन्हा कबूल करतोय. त्याच वयाचे त्याचे मित्र तिकडे गेले, काही आले नाहीत, आणि हा ट्रक दुरुस्त करत होता. पन्नास वर्षं तो ते ओझं वाहत होता आणि मी पहिल्याच मिनिटाला त्यावर बोट ठेवलं. तेव्हापासून मी विचारते, "सैन्यात असताना कुठे कुठे होतात, कोणत्या साली?" मग गप्प बसते. गप्प बसणं अवघड आहे, कारण पुढचा पेशंट थांबलेला असतो.

दुसरी चूक याहून लाजिरवाणी. वेटिंग रूममध्ये एक पन्नाशीची बाई बसली होती. तिला मी म्हटलं, "तुमचे मिस्टर कुठे आहेत? त्यांना आत बोलवा." ती स्वतः आखाती युद्धात ट्रक चालवत होती. उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मिस्टर घरी आहेत, पेशंट मी आहे." स्त्री सैनिकांना हे व्हीएच्या दारात सतत ऐकावं लागतं, आणि एका बाईकडूनच ऐकावं लागलं याचं मला अजून वाईट वाटतं.

'थँक यू फॉर युवर सर्व्हिस' हे वाक्य जपून वापरा. तरुणांना चालतं. व्हिएतनामवाल्यांपैकी काहींना ते पन्नास वर्षं उशिरा आलेलं वाटतं. ते एकमेकांना भेटल्यावर 'वेलकम होम' म्हणतात, कारण परतले तेव्हा कुणी म्हटलं नव्हतं. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात बर्मा आघाडीवर होते. त्यांना म्हातारपणीही अधूनमधून थंडी वाजून ताप यायचा आणि घरात त्याला 'आजोबांचा बर्मा' म्हणायचे. डॉक्टर झाल्यावर कळलं की व्हायवॅक्स हिवताप यकृतात लपून पुन्हा उलटतो, पण फार तर काही वर्षं. म्हणजे म्हातारपणचा तो ताप नुसता गावच्या डासांचा असणार, पण नाव बर्मालाच मिळालं.

मी नोकरीला लागले त्या वर्षी हिपॅटायटिस सीची नवी औषधं आली होती आणि तेवढ्यासाठी तरी मी स्वतःला नशीबवान समजते. त्याआधीचा उपचार इंटरफेरॉनचा. वर्षभर इंजेक्शनं, अंगदुखी, ताप, आणि नैराश्य. युद्धाच्या आठवणींनी आधीच रात्री जागणाऱ्या माणसाला असं औषध द्यायचं म्हणजे विस्तवाशी खेळ, आणि एवढं करून कित्येकांचा विषाणू जायचाच नाही. सोफोसबुव्हिरला डिसेंबर २०१३ मध्ये मंजुरी मिळाली. मग त्याच्या जोडीला दुसरी औषधं देऊन बहुधा बारा आठवड्यांचा उपचार, आणि शंभरातले नव्वदहून जास्त बरे. सोफोसबुव्हिरची छापील किंमत एका गोळीला १००० डॉलर. व्हीएला सूट होती, तरी पैसा पुरेना, आणि आधी कुणाला द्यायचं याच्या याद्या कराव्या लागल्या. लिव्हर जास्त खराब झालेले आधी. लिव्हर अजून धड असलेल्यांना 'थांबा' सांगायचं काम माझं होतं. २०१६ मध्ये निधी आला आणि अट उठली. पुढच्या दोन-तीन वर्षांत व्हीएने एक लाखाहून अधिक सैनिकांना बरं केलं. इतक्या मोठ्या प्रमाणावर एखादा जुनाट आजार हातावेगळा होताना बघायला मिळणं डॉक्टरच्या आयुष्यात क्वचित घडतं.

त्या काळात प्रत्येक दुसरा पेशंट मला 'बंदुकी'बद्दल सांगायचा. भरतीच्या वेळी ओळीने उभं करायचे, दोन्ही बाजूंनी हवेच्या दाबाच्या जेट इंजेक्टरने लस मारायचे, सुई न बदलता, कारण सुईच नव्हती. दंडातून रक्त ओघळायचं आणि पुढचा सरकायचा. "तिथूनच लागलं मला." व्हीएची अधिकृत भूमिका अशी की हे जीवशास्त्रीयदृष्ट्या शक्य आहे, पण इतर कारणांचाही विचार झाला पाहिजे. इतर कारणांत नशेची सुई येते, आणि ती विचारणं म्हणजे काही जणांना 'सैन्याने नाही, तूच' असं ऐकू येतं. मी दोन्ही लिहून ठेवते. नुकसानभरपाई ठरवणारं खातं वेगळं आहे, ते माझं काम नाही, हेही स्पष्ट सांगते, नाहीतर पेशंट तुमच्याशी डॉक्टरसारखं बोलेनासा होतो.

नोकरीचा तिसरा भाग लोकांना दिसत नाही, तो मीटिंगांचा. २०१४ पासून प्रत्येक व्हीए हॉस्पिटलात अँटिबायोटिकच्या वापरावर लक्ष ठेवणारा कार्यक्रम सक्तीचा आहे, आणि तो चालवणारं बहुधा आयडीचंच माणूस. म्हणजे सर्जनला फोन करून 'हे औषध आता बंद करा' सांगणं. मग पाण्याच्या नळांच्या तपासण्या. त्याचं मूळही सैनिकांतच आहे. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियात 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं, तिथल्या हॉटेलातून न्यूमोनियाची साथ पसरली आणि सापडलेल्या जंतूला त्यांच्यावरूनच लीजिओनेला नाव पडलं. मीटिंग कंटाळवाण्या असतात, पण त्यांचं फळ आकड्यांत दिसतं. २००७ मध्ये व्हीएने एमआरएसएविरुद्ध, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफ ऑरियसविरुद्ध, देशभर मोहीम काढली आणि जून २०१० पर्यंत आयसीयूंमध्ये त्याचे नवे संसर्ग ६२ टक्क्यांनी घटले.

आता रस्ता. यूएसएमएलईची, म्हणजे अमेरिकेत डॉक्टर व्हायच्या परीक्षेची, पहिली पायरी २०२२ पासून नुसती पास-नापास आहे, त्यामुळे सगळा भार दुसरीच्या गुणांवर. मेडिसिन तीन वर्षं, आयडी दोन. फेलोशिपचं मॅच, म्हणजे जागावाटप, डिसेंबरच्या सुरुवातीला होतं, आणि खरं सांगायचं तर आयडीच्या काही जागा दरवर्षी रिकाम्या राहतात. का, ते पगार विचारला की कळतं. दोन वर्षं जास्त शिकून हॉस्पिटलिस्टपेक्षा (हॉस्पिटलात दाखल पेशंट बघणाऱ्या मेडिसिनच्या डॉक्टरपेक्षा) बऱ्याचदा कमी मिळतो. नवऱ्याने मला हे रेसिडेन्सीतच कागदावर मांडून दाखवलं होतं. कागद बरोबर होता.

जे-१ या प्रशिक्षणासाठीच्या व्हिसावर असाल तर शिक्षणानंतर दोन वर्षं भारतात परतण्याची अट असते. ती माफ करून घ्यायचे दोन परिचित मार्ग आहेत. एक राज्यांचा कॉनराड नावाचा कार्यक्रम, प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा, आणि दुसरा खुद्द व्हीएने शिफारस करणं. दोन्हीत तीन वर्षं नोकरी बांधील. व्हीएला आधी अमेरिकन नागरिक शोधावा लागतो. योग्य नागरिक मिळालाच नाही तरच तुमचा नंबर. म्हणून मोठ्या शहरांचा हट्ट सोडा आणि जिथे कुणी जात नाही तिथे चौकशी करा. मला मक्याच्या शेतांमधलं गाव मिळालं, तिथे मराठी घरं मोजून तीन. एका राज्याचं लायसन्स असलं की कुठल्याही राज्यातल्या व्हीएत चालतं, आणि उपचारात चूक झाल्याचा दावा तुमच्यावर होत नाही, सरकारवर होतो. पण नोकरीला लागायची कागदपत्रं महिनोन्‌महिने चालतात, बोटांचे ठसे दोनदा घेतात, आणि व्हिसाचं घड्याळ कुणासाठी थांबत नाही. वकील स्वतःचा करा.

फेलोशिपचे अर्ज जुलैत जातात. त्याआधी जिथे रेसिडेन्सी असेल तिथलं व्हीए रोटेशन मागून घ्या, बहुतेक प्रोग्रामांना ते असतंच. तिथे पहिल्या दिवशी कॉम्प्युटरपाशी बसायच्या आधी पेशंटचे मोजे काढायला लावा, दोन्ही पायांचे. मी एकदा दुखणाऱ्या पायाचाच काढला होता. दुसऱ्या पायाची जखम चार दिवसांनी नर्सने दाखवली.