छत गळतच नव्हतं

सिव्हिलची डिग्री आणि पुण्यात साइटवर काढलेली नऊ वर्षं, एवढ्या भांडवलावर मी कॅनडात, टोरांटोला, होम इन्स्पेक्शनच्या (घर विकत घेण्याआधी ते तपासून रिपोर्ट देण्याच्या) धंद्यात शिरलो आणि पहिल्याच हिवाळ्यात तोंडावर आपटलो. तुम्हालाही या धंद्यात यायचं असेल तर कोर्स कोणते, परीक्षा कोणत्या, हे तुम्ही शोधलं असेलच. अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबिया या प्रांतांत परवाना लागतो, मी शिरलो तेव्हा टोरांटोच्या ओंटारिओ प्रांतात त्याची सक्ती नव्हती. म्हणूनच इथे दोन आठवड्यांत 'तज्ज्ञ' करून देणारे भेटतात. त्यांना पैसे देण्यापेक्षा चांगली शिडी घ्या.

तर माझी फजिती. हॅमिल्टनमधलं १९२०च्या दशकातलं विटांचं घर, जानेवारीची अखेर. वरच्या बेडरूमच्या छताला भाकरीएवढा तपकिरी डाग, हात लावला तर ओला. मी बाहेर जाऊन पाहिलं, शिंगल्सवर, म्हणजे छपरावरच्या कौलांसारख्या पट्ट्यांवर, बर्फाचा थर. अ‍ॅटिकचं झाकण एका कपाटात होतं, समोर खोके रचलेले. (अ‍ॅटिक म्हणजे खोलीचं छत आणि वरचं उतरतं छप्पर यांच्यामधली रिकामी जागा.) खोके हलवायचा कंटाळा केला आणि रिपोर्टात ठोकून दिलं: 'छतातून गळती, शिंगल्स बदलावेत.' घेणाऱ्यांनी त्यावरून किंमत पाडायला घेतली. विकणाऱ्याने छतवाला आणला. छत सहा वर्षांचं, ठणठणीत. रिअल्टरने, म्हणजे घरांच्या दलालाने, फोनवर मला काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी ज्यांच्या हाताखाली शिकत होतो त्या म्हाताऱ्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "त्या डागाच्या जवळ बाथरूम आहे का?" होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी खोके हलवले, झाकण उघडलं. छताच्या फळ्यांतून खाली आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकाला पाण्याचा थेंब लटकत होता. उत्तरेच्या बाजूला तर फळ्यांवर अजून पांढरं हिम होतं, जुन्या फ्रीजरच्या आत साचतं तसं. आणि बाथरूमच्या पंख्याचा पाइप बाहेर न काढता इन्सुलेशनवर, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या थरावर, नुसता टाकलेला होता.

आता हे नीट समजून घ्या, कारण आपण सगळे इथेच अडकतो. आपल्याकडे घरातलं पाणी बाहेरून येतं. पाऊस पडला, स्लॅबला चीर होती, डाग आला. आपला मेंदू चार महिन्यांच्या पावसाळ्यावर पोसलेला आहे. थंड मुलखात जानेवारीत आठवडेच्या आठवडे पावसाचा थेंब पडत नाही, तेव्हा छताला डाग येतो तो बऱ्याचदा घरातल्याच पाण्याचा. अंघोळ, कुकरच्या शिट्ट्या, आत वाळत घातलेले कपडे, माणसांचा श्वास. ही दमट गरम हवा वर चढते आणि झाकणाच्या फटी, दिव्यांची भोकं, पाइपांच्या बाजूच्या मोकळ्या जागा यांतून अ‍ॅटिकमध्ये शिरते. तिथे फळी उणे १५ अंशांवर. वाफ तिथल्या तिथे गोठते. दोन-तीन आठवडे असं हिम साचत राहतं आणि खाली कुणाला पत्ताही लागत नाही. मग एक दिवस पारा शून्याच्या वर जातो, सगळं एकदम वितळतं आणि घरमालक म्हणतो, "ऊन पडलंय आणि छत गळतंय!"

म्हणून डाग दिसला की आधी गेल्या पंधरा दिवसांचं हवामान बघा. छताची खरी गळती सहसा एका जागी असते, चिमणीपाशी किंवा पाइपापाशी, आणि लाकडावर तिचा ओघळ दिसतो. हिमाचं पाणी सगळीकडे पसरलेलं असतं. उन्हाळ्यात तपासणी असेल तर खिळ्यांची टोकं बघा: सगळी गंजलेली, खाली इन्सुलेशनवर थेंबांचे गोल ठसे, फळ्यांवर काळी बुरशी. आणि यावर 'इन्सुलेशन वाढवा' असा सल्ला देऊन मोकळे होऊ नका. फटी न बुजवता इन्सुलेशन वाढवलं तर अ‍ॅटिक आणखी थंड होतं आणि हिम आणखी साचतं. आधी फटी, मग इन्सुलेशन. पन्हळीवरून लोंबणारे बर्फाचे सुळके हेही बऱ्याचदा त्याच फटींचं काम. वरचा बर्फ घरातल्या उष्णतेने वितळतो, थंड कडेला येऊन पुन्हा गोठतो, बांध घालतो आणि मागे तुंबलेलं पाणी शिंगल्सखाली शिरतं. लोक त्याचे फोटो काढतात. तुम्ही अ‍ॅटिकचं झाकण शोधा.

बाकीचं सावकाश जमतं, घाबरू नका. बेसमेंटच्या भिंतीला लोणा दिसला की नवखे लोक थेट पाया खचल्याचं लिहितात. निम्म्या वेळा बाहेर पन्हळीचा पाइप भिंतीलगतच पाणी ओतत असतो. तो लांब करायला फारसा खर्च येत नाही. उभी केसाएवढी चीर बहुतेकदा निरुपद्रवी. ब्लॉकच्या भिंतीत आडवी चीर आणि भिंत आत फुगलेली असेल, तर मात्र इंजिनिअर बोलवायला सांगा. आणि तुम्ही स्वतः सिव्हिलवाले असाल तरी तो इंजिनिअर तुम्ही नाही! रिपोर्टात हुशारी दाखवायची खाज माझीही अजून गेलेली नाही.

विटांचे पोपडे मला फार आवडतात, म्हणजे बघायला. जुनी मऊ वीट चुन्यात बांधलेली असते आणि ओल सांध्यांतून बाहेर पडते. कुणीतरी सांधे कडक सिमेंटने भरतो, ओल विटेत अडकते, गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि विटेचा चेहराच निखळतो. वाड्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा मारून त्या कुजवणारे आपल्याकडेही आहेत, तेव्हा हे पटकन कळेल.

दोन गोष्टींत मात्र गंमत नाही. अ‍ॅटिकमध्ये करड्या-सोनेरी रंगाचे चमकदार हलके खडे दिसले तर आत शिरू नका, हलवू नका. ते व्हर्मिक्युलाइट असतं. मोंटानातल्या लिबीच्या खाणीचा माल १९९०पर्यंत यायचा आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. दुसरं, नवी फर्नेस (घर तापवणारी भट्टी) प्लास्टिकच्या पाइपातून धूर सोडत असेल आणि गॅसचा वॉटर हीटर एकटाच जुन्या रुंद चिमणीत उरला असेल, तर थांबा. त्याचा धूर चिमणीत गारठून खाली बसतो, घरात परत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

थर्मल कॅमेरा (गरम-थंड भाग दाखवणारा) पहिल्या वर्षी घेऊ नका. आत-बाहेर तापमानाचा चांगला फरक नसेल तर तो इन्सुलेशनबद्दल फारसं सांगत नाही, आणि तो हातात असला की माणूस खोके हलवत नाही. गुरू मात्र तिरसट बघून घ्या. गोड बोलणारे बरेचसे रिअल्टरच्या मर्जीवर जगतात.

डिसेंबर-जानेवारीत घरांची विक्री मंदावते, फोन वाजत नाही. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात त्या दिवसांत मी ओळखीच्या अकरा घरांची झाकणं फुकटात उघडून पाहिली. चार ठिकाणी बाथरूमचा पंखा अ‍ॅटिकमध्येच सोडलेला होता. त्यातलं एक मी स्वतः भाड्याने राहत होतो ते.