उरुग्वेला हंगाम करायला जाताय? आधी बी चावायला शिका

नाशिकच्या वाईनरीत दोन-तीन हंगाम काढलेली मुलं-मुली हल्ली विचारतात, बाहेर हंगाम करायचा तर कुठे जावं? मी उरुग्वे म्हणते. पण आधी कटू ते ऐका. तिथली वेंदिमिया, म्हणजे तोडणी, मुख्यतः फेब्रुवारी-मार्चमध्ये येते आणि आपलीही तेव्हाच चालू असते. तिकडे गेलात की इकडचा हंगाम हातचा गेला. फ्रान्सला जाणाऱ्याला ही अडचण नसते. परत आल्यावर मला जुनी जागा मिळाली नाही, पाच महिने घरी बसून काढले. घरच्यांना हे तिकीट काढण्यापूर्वी सांगा.

तरीही जा. देश छोटा, वाईनच्या बागा सगळ्या मिळून साधारण ६,००० हेक्टर. त्यातल्या निम्म्याहून जास्त राजधानी मॉन्टेव्हिडिओला खेटून असलेल्या कानेलोनेसमध्ये. सुट्टीच्या दिवशी बस धरली की लास पिएद्रास, प्रोग्रेसो अशी गावं सहज होतात. बऱ्याच बोदेगा, म्हणजे वाईनरी, घरच्याच माणसांनी चालवलेल्या, त्यामुळे आधी मेल केल्याशिवाय जाऊ नका. तोडणीच्या गडबडीत दार उघडायलाही कोणी नसतं. प्रोग्रेसोतली पिसानो बघा. मॉन्टेव्हिडिओच्या वेशीवरच्या बोउसामध्ये अल्बारिन्यो ही पांढरी वाईन प्या. मग पूर्वेला मालदोनादोत गार्सोनला जा. कानेलोनेसची जमीन चिकणमातीची, गार्सोनची झिजलेल्या ग्रॅनाइटची, आपल्या भाषेत मुरमाड. दोन्हीकडची तान्नात, म्हणजे उरुग्वेची ओळख झालेल्या काळ्या द्राक्षाची वाईन, एकाच दिवशी शेजारी शेजारी ठेवून प्या. पहिली दाट आणि काळपट, दुसरी जास्त ताठ, असं मला तरी लागलं. ‘उरुग्वे म्हणजे तान्नात’ एवढं पाठ करून वाईनची परीक्षा देता येते, पण तान्नात तिथल्या लागवडीत साधारण पाव हिश्श्याचीच आहे. पास्क्वाल आरियागे या बास्क माणसाने १८७०च्या दशकात साल्तोमध्ये ती रुजवली. त्याच्या स्मृतिदिनी, १४ एप्रिलला, तान्नात दिन असतो. त्या दिवशी मला घरची, जयंतीच्या मिरवणुकीची आठवण आली.

आता माझी चूक सांगते. सविस्तर सांगते, कारण ती अजून रुतते.

तिसऱ्या आठवड्यात मला मण्यांचे नमुने काढायला पाठवलं. बाग लीरा पद्धतीची होती, ओळीला दोन बाजूंनी उघडणाऱ्या दोन भिंती. आपल्या वाय मांडवासारखी दिसली आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. तिथेच फसले. मी ओळीच्या तोंडाशी उभी राहून, बाहेरच्या भिंतीतले, हाताच्या उंचीवरचे, घडाच्या खांद्यावरचे टपोरे काळे मणी तोडले. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे रसातली साखर मोजायच्या यंत्रावर, २४ ब्रिक्स. दोन दिवसांत पाऊस येणार होता, म्हणून माझ्या आकड्यावर तोच तुकडा आधी तोडला. टाकीत रस आला २२. दोन ब्रिक्स म्हणजे अल्कोहोलमध्ये एक टक्क्याहून जास्त फरक. त्याहून वाईट म्हणजे बिया हिरव्या होत्या.

ओरडलं कोणी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम मला त्याच ओळीत घेऊन गेला. तो मणी तोडताना मण्याकडे बघतच नव्हता. मान दुसरीकडे, हात आत. डोळा चांगला मणी निवडतो, म्हणून डोळ्याला कामच द्यायचं नाही. ओळीच्या टोकाची झाडं सोडायची. आतली भिंत, बाहेरची भिंत. एका घडाच्या खांद्याचा मणी, पुढच्याच्या पोटातला, त्यापुढच्याच्या शेपटाचा. निदान १०० मणी, सगळे एकत्र चिरडायचे आणि मगच मोजायचं. नमुना रोज सकाळी एकाच वेळी काढायचा. आणखी एक, तिथे ऊन उत्तरेकडून येतं. आपल्या सवयीने दक्षिणेची बाजू उन्हाची समजलात तर सगळंच उलटं होईल.

मग त्याने बी चावायला दिली. हिरवी बी दाताखाली दबते आणि जीभ अशी धरते की पाणी पिऊनही सुटत नाही. पिकलेली तपकिरी बी फुटाण्यासारखी कडकन फुटते. साखर वर चढलेली असली तरी बी कच्ची राहू शकते, आणि तान्नातच्या मण्यात तीन-चार बिया अनेकदा सापडतात. आकडा साखरेचा असतो, पिकलेपणाचा नव्हे.

माझं मत विचाराल तर नावाजलेल्या वाईनमेकरच्या मागे फिरू नका, मुकादमाला धरा. जागा मिळवून देण्याचे पैसे मागणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका, बोदेगांना स्वतः मेल लिहा. मोबाईलवरच्या ॲपच्या स्पॅनिशवर विसंबू नका. ॲपने मला पाऊस म्हणजे ‘यूव्या’ शिकवलं होतं, बागेत सगळे तोच शब्द तिथल्या उच्चारात ‘शूव्या’ असा ओरडत होते आणि मी उघड्या क्रेट्सजवळ नुसती उभी.

आणि घाबरू नका. तिथे वर्षभर पाऊस पडतो, १,००० मिलिमीटरच्या वर, त्यामुळे डावणी हा द्राक्षाचा बुरशीरोग कायमचा पाठीशी. पानाच्या पाठीवरची पांढरी लव तुम्ही लांबून ओळखाल. माझ्यासोबत परदेशातून आलेल्या बाकीच्यांना ती हातात घेऊनही कळत नव्हती. त्या एका गोष्टीवर मला शेवटचा महिना बागेतच ठेवून घेतलं. मेल ऑगस्टमध्येच पाठवा, आणि त्यात चाखलेल्या वाईनची यादी देण्यापेक्षा डावणीच्या किती फवारण्या स्वतः पाहिल्यात ते लिहा.