ड्रिल ‘गेलं’ म्हणायच्या आधी: दुरुस्ती की नवीन, हे ठरवताना या चुका टाळा

पुण्यात धायरीला आमची सुतारकामाची छोटी शेड आहे. तिथल्या कोपऱ्यात बंद मशिनांचं एक खोकं असतं. त्यातली निम्मी माझी, बाकीची ओळखीपाळखीच्या लोकांनी आणून टाकलेली. आणणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो, “बघ जरा, गेलंय बहुतेक.” काय गेलंय, हे विचारलं की गप्प. आणि तरीही नवीन कुठलं घ्यायचं, हे त्याने मोबाइलवर शोधून ठेवलेलं असतं.

पहिली चूक हीच. काय बिघडलंय ते कळायच्या आधीच निकाल देऊन मोकळं व्हायचं.

मी स्वतः एक 13 एमएमचं चांगलं ड्रिल असंच भंगारवाल्याला देऊन बसलो. बटण दाबलं तरी हूं नाही की चूं नाही, म्हणजे मोटर जळाली असणार, असं मीच ठरवून टाकलं. वर्षभराने दुसरं मशीन तसंच बंद पडलं. या वेळी मुठीतून वायर बाहेर पडते तिथला रबरी बूट जरा वाकवला, तर ते सुरू झालं. त्या जागी वायर रोज वाकते आणि आतली तांब्याची तार तुटते. वरचं आवरण मात्र धडधाकट दिसतं. पिन काढून मल्टिमीटरने कंटिन्युइटी, म्हणजे तार आतून सलग आहे का, ते बघायची, तुटलेल्या भागापुढे वायर कापायची आणि आत पुन्हा जोडायची. एवढंच काम होतं. भंगारवाल्याने त्या ड्रिलचे काय पैसे केले असतील, याचा विचार मी करत नाही.

वायर ठीक असेल तर कार्बन बघा, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे ब्रश. मोटरच्या दोन्ही बाजूंना काळी गोल झाकणं असतात, ती चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडतात. (काही मशिनांत मागचं कव्हर काढावं लागतं. वॉरंटी चालू असेल तर ते उघडू नका, बिल घेऊन सर्व्हिस सेंटर गाठा.) स्प्रिंगला लागलेला कार्बनचा तुकडा पाच-सहा मिलिमीटरवर आला असेल तर त्याचे दिवस भरले. काही कार्बनच्या पोटात एक बारीक खुंटी असते. कार्बन झिजला की ती बाहेर येऊन संपर्क तोडते, म्हणजे कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतो तो तांब्याच्या पट्ट्यांचा फिरता गोल) खराब होत नाही. मशीन मात्र चालता चालता एकदम थांबतं आणि मालकाला वाटतं, जळालं. कार्बन नेहमी जोडीनेच बदला. बोहरी आळीत (पुण्यातला हार्डवेअरचा बाजार) जाताना मॉडेल नंबरसोबत जुना कार्बनही खिशात ठेवा. “असाच द्या” म्हटलेलं दुकानदाराला नंबरापेक्षा लवकर कळतं. नवीन घातल्यावर मशीन काही मिनिटं नुसतंच चालवा, म्हणजे कार्बनला कम्युटेटरची गोलाई येते.

यापुढचं खर्चाचं दुखणं म्हणजे आर्मेचर, मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग. कार्बनपाशी निळसर बारीक ठिणग्या दिसत असतील तर काळजी नको. ठिणग्यांचं अख्खं कडं कम्युटेटरभोवती फिरत असेल आणि करपलेल्या वार्निशचा वास येत असेल, तर आर्मेचर गेलंच म्हणून समजा. इथे लोक दुसरी मोठी चूक करतात, आणि तीही मी केलेली आहे. एका ग्राइंडरचं आर्मेचर जळालं, मी ते रिवाइंड करून, म्हणजे नवी तार गुंडाळून आणलं. पंधरा दिवसांत पुन्हा जळालं. पुन्हा रिवाइंड केलं. तिसऱ्यांदा दुसऱ्या कारागिराकडे नेलं, तर त्याने आर्मेचर हातात घेऊन उजेडाकडे धरलं. पत्र्यांच्या थरावर एका बाजूला चकचकीत रेघ उमटली होती. “साहेब, हे फिल्डला, म्हणजे बाहेरच्या न फिरणाऱ्या भागाला घासतंय. बेअरिंग बदललं का कुणी?” कुणीच बदललं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. दोन वेळच्या वाइंडिंगच्या पैशात थोडी भर घातली असती तर नवीन ग्राइंडर आला असता.

तेव्हापासून ‘काय जळालं’ याच्या आधी ‘का जळालं’ हे विचारतो. बेअरिंग, आत साचलेली धूळ, की साइटवरची लांबलचक बारीक एक्स्टेन्शन वायर? बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, लोडवर मोटर हळू फिरते, पंख्याची हवा कमी होते आणि मशीन तापत जातं. कारण तसंच ठेवून केलेली दुरुस्ती म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

बेअरिंगचं एक बरं आहे, त्याचे नंबर सगळीकडे सारखेच. 608 म्हणजे आतून 8, बाहेरून 22, जाडी 7 मिलिमीटर, कंपनी कुठलीही असो. बेअरिंग, वायर किंवा साधा स्विच गेला असेल तर मी डोळे झाकून दुरुस्ती करतो. आर्मेचर आणि गिअर मात्र ज्या त्या मॉडेलचे असतात. ते मिळतात का, हे मशीन घेतानाच विचारायला हवं. स्वस्तातलं बिननावाचं मशीन घेतलं की नेमका गिअर मिळत नाही आणि बाकी सगळं चांगलं असूनही ते खोक्यात जातं.

‘दुरुस्ती निम्म्या किमतीच्या वर गेली तर नवीन घ्या’ हा हिशेब बरेच जण सांगतात. मला तो अर्धाच पटतो. आर्मेचर बदलून घेताना गिअर आणि चकही (बिट पकडणारा जबडा) झिजले असतील, तर तिसऱ्या हिश्शाचा खर्चही जास्तच. उलट जुनं, दणकट, अंगवळणी पडलेलं मशीन असेल तर मी निम्म्याच्या वरही जातो.

कधी कधी मशीन दुरुस्त होतं, पण ते त्या कामाचंच नसतं. वाघोली-हिंजवडीच्या नव्या टॉवरांत मायवानच्या भिंती असतात, म्हणजे वीट नाहीच, सगळं काँक्रीट. घरगुती इम्पॅक्ट ड्रिल तिथे दाबून दाबून चालवलं की मोटर जळते. ते दुरुस्त करून पुन्हा त्याच भिंतीला लावण्यात अर्थ नाही. तिथे एसडीएस बिटचा (खाचांचा, चावीशिवाय अडकणारा बिट) रोटरी हॅमर, म्हणजे काँक्रीटला भोक पाडणारं दणकट मशीन लागतं. पडद्यांचे चार रॉडच लावायचे असतील तर तो विकत घेण्यापेक्षा दिवसाच्या भाड्याने आणा.

स्विच मिळत नाही म्हणून तो वगळून वायर थेट जोडून, म्हणजे ‘डायरेक्ट’ करून देणारे महाभाग सगळीकडे भेटतात. ग्राइंडरला हे कधीही करू देऊ नका. गुरुवारी लाइट जाते, मशीन पिनसकट टेबलावर तसंच राहतं आणि लाइट आली की ते आपोआप फिरायला लागतं. दुरुस्तीनंतर हाताला करंट लागत असेल तर ते मशीन तिथेच बाद.

बॅटरीवरच्या ड्रिलमध्ये मोटर क्वचित जाते, जाते ती बॅटरी. 18 व्होल्टचा पॅक म्हणजे 3.6 व्होल्टच्या पाच सेल एकामागे एक. ‘20 व्होल्ट मॅक्स’ छापलेलाही पाच सेलचाच. एक सेल बसली की सगळा पॅक बसतो. मग ती एकच सेल बदलून देणारे भेटतात. चार जुन्या आणि एक नवी हे फार दिवस जमत नाही. बदलायच्या तर पाचही एका जातीच्या, आणि स्पॉट वेल्डिंगनेच; सेलला सोल्डरिंग गन लावणाऱ्याकडून पॅक परत घ्या. कंपनीचा पॅक घ्यायचा तर आधी दोन बॅटऱ्यांच्या पूर्ण किटचा भाव विचारा. बऱ्याचदा फरक इतका कमी असतो की किटच परवडतं आणि जुनं ड्रिल जादा म्हणून राहतं.

खरोखर मेलेल्या मशिनाची मी वायर, चक आणि बरी बेअरिंगं काढून ठेवतो. उरलेलं ई-कचऱ्यात, 2022 च्या ई-कचरा नियमांत विजेची हत्यारंही येतात. खोक्यात सध्या एक मार्बल कटर आहे. मालक म्हणतो जळालाय. वास येत नाही, वायरही ठीक आहे. रविवारी झाकणं उघडून बघणार आहे.