जुन्या पुलापाशी जिओकॅश शोधताना आणि लपवताना

जिओकॅशिंग या खेळात कोणीतरी डबी (जिओकॅश) लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर देतो आणि इतर जण जीपीएसच्या मदतीने ती शोधतात. नदीवरच्या जुन्या दगडी पुलापाशी लपवलेली अशी डबी शोधायला जाण्यापूर्वी तिचे वर्णन, जागेबद्दल दिलेला सुगावा आणि आधीच्या शोधकांच्या नोंदी नीट वाचाव्यात, कारण पुलाजवळ जीपीएसवर फारसे विसंबता येत नाही. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली त्रुटी काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यात या खेळातली पहिली डबी लपवली गेली. मोकळ्या आकाशाखाली आज साधा फोनही सुमारे ५ मीटरपर्यंत अचूक जागा दाखवतो. कमानीखाली मात्र उपग्रहांचे संकेत अडतात किंवा दगडांवर आपटून उशिरा पोहोचतात, आणि पडद्यावरचा बाण भरकटतो. म्हणून पुलापासून दूर, मोकळ्यावर उभे राहून दिशा व अंतर पाहावे, दुसऱ्या बाजूने तेच पुन्हा करावे आणि दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे डोळ्यांनी शोध सुरू करावा.

डोळ्यांनी हा शब्द मुद्दाम वापरला आहे. झिजलेल्या चुन्याच्या सांध्यांत बोटे किंवा काठी घातल्याने चिरे ढिले होतात, शिवाय त्याच फटींत साप आणि वटवाघळे राहतात. कमानीच्या पोटाला भिंगऱ्यांची मातीची घरटी असतील आणि पक्षी ओरडत घिरट्या घालू लागले, तर आपण फार जवळ आलो असे समजून मागे फिरावे.

डबी सापडल्यावर तिच्यातल्या नोंदवहीत नाव व तारीख लिहून ती होती तशीच ठेवावी. खाण्याचा पदार्थ आत कधीही ठेवू नये, कारण वासाने आलेले प्राणी डबी कुरतडतात.

स्वतः डबी लपवायची असेल, तर जागेची देखभाल करणाऱ्यांची परवानगी घ्यावी, खड्डा खणू नये आणि दुसऱ्या डबीपासून किमान १६१ मीटर अंतर राखावे. झाडांच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा मागच्या पुराची उंची सांगतो; डबी त्याच्या बरीच वर असावी. माझ्या मते मात्र पुलाला डबी लावूच नये. शिलालेखावरील वर्ष आणि कमानींची संख्या यांवरून अक्षांश-रेखांश काढायला लावणारे कोडे रचावे आणि डबी घरट्यांपासून दूर ठेवावी. नदी भरलेली असतानाही सगळ्या कमानी एकाच काठावरून मोजता येतात का, हे आधी स्वतः पाहून घ्यावे.