पक्ष हरला की संपला? निकाल वाचायची माझी रीत

निकालाच्या रात्री पान सोडायची घाई असते, आणि डेस्कवर एक मथळा आयता तयार असतो: अमुक पक्षाचा अस्त. नोकरीत होते तोवर हा मथळा मी जमेल तितका अडवायचे. हरलेला पक्ष आणि संपत आलेला पक्ष यांच्यात फरक असतो आणि तो निकालाच्या तक्त्यातच दिसतो. मात्र तक्ता उलट्या बाजूने वाचावा लागतो.

म्हणजे जागांचा रकाना आधी झाकायचा. कागदावर प्रत्येक पक्षासमोर चार रकाने आखा: किती जागा लढवल्या, प्रत्यक्ष किती मतं पडली, मतांचा वाटा किती, आणि शेवटी जिंकलेल्या जागा. शेजारी मागच्या निवडणुकीचे हेच आकडे हवेत. टक्केवारी मिळाली म्हणून प्रत्यक्ष मतं टाळू नका. मतदानच घटलं असेल तर टक्का वाढूनही मतं कमी झालेली असतात.

जपान घ्या. तिथला लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष 2009 मध्ये 119 जागांवर आला, तेव्हा त्याचे मृत्युलेख लिहून झाले होते. 2012 मध्ये त्याच पक्षाने 480 पैकी 294 जागा घेतल्या, आणि मग ‘लाट’ आली. जागा झाकून बघा (तिथे मतदार दोन मतं देतो, एक मतदारसंघातल्या उमेदवाराला, एक पक्षाच्या यादीला): पक्षयादीच्या मतदानात त्याचा वाटा 26.7 वरून 27.6 टक्क्यांवर गेला, एवढंच. प्रत्यक्ष मतं तर सुमारे 1 कोटी 88 लाखांवरून 1 कोटी 66 लाखांवर उतरली होती. बदललं ते समोरचं चित्र. सत्तेतला डेमोक्रॅटिक पक्ष कोसळला, विरोधी मतं नव्याजुन्या पक्षांत फुटली, आणि एका जागेच्या मतदारसंघांत 43 टक्के मतांवर 300 पैकी 237 जागा हाती आल्या. ना 2009 ला हा पक्ष मेला होता, ना 2012 ला त्याने नवं बाळसं धरलं होतं.

आता पहिला रकाना, लढवलेल्या जागांचा. हा बहुतेक जण सोडून देतात, मला तो सगळ्यात बोलका वाटतो. ब्रिटनच्या लिबरल पक्षाला 1951 मध्ये 2.5 टक्के मतं मिळाली. हा जनाधाराचा आकडा समजायचा का? छे. 625 जागांपैकी 109 ठिकाणीच त्यांचा उमेदवार होता. एक वर्ष आधी त्यांनी 475 उमेदवार उभे केले होते आणि त्यातल्या 319 जणांची अनामत जप्त झाली होती. पुढच्या खेपेला तेवढी झळ सोसायची ताकदच उरली नाही. 1906 मध्ये जवळपास 400 जागा जिंकणाऱ्या पक्षाची ही गत. लढवलेल्या जागा अशा आटल्या, की खजिना आणि कार्यकर्ते दोन्ही आटलेत असं धरून चाला.

(पक्ष आघाडीत लढला असेल तर त्याचा एकूण वाटा मागच्याशी ताडू नका. त्याने स्वतः लढवलेल्या मतदारसंघांपुरताच काढा.)

मग नकाशा उघडा. मतं किती यापेक्षा ती कुठे साठली आहेत हे बघायचं. कॅनडात 1993 मध्ये सत्ताधारी प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्षाला 16 टक्के मतं पडली आणि जागा मिळाल्या 2. पंतप्रधान किम कॅम्पबेलसुद्धा पडल्या. ब्लॉक केबेक्वा या प्रादेशिक पक्षाला 13.5 टक्क्यांत 54 जागा मिळाल्या, कारण त्यांची सगळी मतं एकट्या क्युबेक प्रांतात होती. आपल्याकडे 1984 ला भाजप मतांत देशात दुसरा होता आणि जागा होत्या 2. त्याहून कमी मतांत तेलुगू देसमने 30 जागा काढल्या, त्या आंध्रातल्या जोरावर. पातळ पसरलेली मतं दिसली की लगेच शोकसंदेश लिहू नका.

जर्मनीसारख्या देशात नकाशाऐवजी उंबरठा बघावा लागतो. तिथे साधारणपणे 5 टक्क्यांच्या खाली गेलात की संसदेचं दार बंद. एफडीपी हा उदारमतवादी पक्ष 2013 मध्ये 4.8 टक्क्यांवर अडला आणि 1949 नंतर पहिल्यांदाच बाहेर राहिला. चार वर्षांनी तो 10.7 टक्के घेऊन परतला आणि 2025 मध्ये 4.3 वर पुन्हा बाहेर गेला. अशा वेळी संसदेबाहेर काय शिल्लक आहे ते तपासा: राज्यांच्या विधिमंडळांत आमदार, नगरपालिकांत सदस्य, सरकारी निधी. जर्मनीत अर्धा टक्का मतं मिळवणाऱ्या पक्षालाही सरकारी निधी मिळतो, त्यामुळे बाहेर पडलेल्या पक्षाचं कार्यालय लगेच बंद होत नाही.

हे सगळं झाल्यावर खरा प्रश्न विचारा: त्याची जागा कोणी घेतली? माझ्या मते पक्ष हरून मरत नाही. त्याच मतदाराला त्याच्यासारखं बोलणारं दुसरं कोणी सापडलं की मरतो. लिबरलांच्या बाबतीत ते मजूर पक्षाने केलं. कॅनडात उजवीकडची जागा रिफॉर्म पक्षाने बळकावली होती. त्यामुळे जुन्या पक्षाला 2003 मध्ये रिफॉर्मच्याच वारसदारात विलीन व्हावं लागलं आणि 2006 मध्ये सत्ता मिळाली ती या नव्या, एकत्रित पक्षाला. जपानमध्ये मात्र त्या जागेवर कोणी बसलंच नाही.

हे बघायला दोन पक्षांचे आकडे समोरासमोर लिहा. ग्रीसमध्ये 2009 ला पासोक या जुन्या समाजवादी पक्षाला जवळपास 44 टक्के मतं होती, त्याच्याही डावीकडच्या सिरिझाला 4.6. जानेवारी 2015 मध्ये सिरिझा 36.3 वर आणि पासोक 4.7 वर. वाडा तोच, मालक बदलला. मतदार कुठून कुठे गेला याचं मतदानोत्तर सर्वेक्षण मिळालं तर उत्तम, नाहीतर मतदारसंघवार घट आणि वाढ शेजारी मांडली तरी अंदाज येतो.

आणि लगेच निकाल देऊ नका. पुढची स्थानिक निवडणूक जाऊ द्या, मग पुढची सार्वत्रिक, आणि तेच रकाने पुन्हा भरा. सिरिझाचे खासदार फुटल्यावर 2024 च्या अखेरीला ग्रीसच्या संसदेत प्रमुख विरोधी पक्ष झाला तो पासोकच.