हाताला जबर मार बसण्याआधी करून ठेवायची तयारी

बांधकामाच्या नव्या साइटवर पाऊल टाकलं की पहिली चौकशी ही करा: तुटलेलं बोट जोडण्याची सोय जवळ कुठल्या रुग्णालयात आहे? ती सगळीकडे नसते, त्याला सूक्ष्म शस्त्रक्रिया करणारा सर्जन लागतो. त्या रुग्णालयाचा नंबर मुकादमाकडे असतोच असं धरून चालू नका. स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा, प्रथमोपचार पेटीच्या झाकणावरही लिहायला लावा. पेटीत निर्जंतुक गॉज, रुंद पट्ट्या, सलाइन आणि घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या हव्यात. अंगठी आणि कडं घरीच ठेवा. अंगठी सळईत अडकून माणूस खाली उतरला, तर बोटाची कातडी सोलून निघते. ग्राइंडरचा गार्ड, म्हणजे चाकावरचं संरक्षक झाकण, काढून चालवायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा. गंभीर धोका समोर दिसत असेल तर कामापासून बाजूला होण्याचा कामगाराचा हक्क आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या बांधकाम सुरक्षेवरच्या १९८८ च्या करारात नोंदलेला आहे.

कागदाची तयारीही तेव्हाच करायची. हजेरीच्या वहीचा फोटो, मजुरी मिळाल्याची नोंद, ठेकेदाराचं आणि त्याच्या वरच्या मुख्य कंपनीचं नाव, सगळं घरच्या एका माणसाकडे पाठवून ठेवा. अपघातानंतर ‘हा आमच्याकडे कामाला नव्हताच’ हे वाक्य फार लवकर ऐकू येतं.

बोट तुटलंच, तर आधी माणूस, मग बोट. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात छातीच्या वर उचला. तुटलेला भाग सापडत नसेल तर हातमोज्यात बघा, बऱ्याचदा तिथेच असतो. तो स्वच्छ पाण्याने हलका धुवा, चोळू नका. सलाइनने ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळून पिशवीत घालून ती बंद करा आणि ही पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं की पेशी गोठून मरतात, आणि भल्या मनाने धावपळ करणारी माणसं नेमकं तेच करतात. नीट थंड ठेवलेलं बोट बारा तासांनंतरही जोडता येऊ शकतं. मनगटापासून तुटलेल्या हातात स्नायू असतात, तिथे वेळ खूपच कमी. कातडीवर लोंबणारा भाग कापून टाकू नका, घुसलेला खिळा उपसू नका. भूल द्यावी लागेल, म्हणून जखमीला खायला-प्यायला देऊ नका.

रंगाच्या स्प्रे गनने किंवा ग्रीसच्या पंपाने बोटाला सुईएवढं भोक पडलं आणि दुखत नाही, तरी त्याच घटकेला रुग्णालय गाठा. आत गेलेला रंग हाताच्या आतून पसरत राहतो. यात बोटं गमावण्याचं मोठं कारण उशीर हेच आहे.

केसपेपरवर ‘साइटवर काम करताना, अमुक मशीनने’ असंच लिहून घ्या. ‘घरी लागलं म्हणून सांग, बिल मी भरतो’ असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. त्या एका ओळीने भरपाईचा दावा अडकतो. मशीनचे फोटो, साक्षीदारांचे नंबर आणि मालकाला लेखी कळवल्याची प्रत सोबत्याने त्याच दिवशी घ्यावी. दाव्याची मुदत प्रत्येक देशात वेगळी असते, ती लगेच विचारा.

बहुतेक देशांत उपचार, बुडालेली मजुरी आणि कायमच्या अपंगत्वाची भरपाई हे तिन्ही कायद्यात बसतं, आणि चूक कोणाची याचा सहसा त्याच्याशी संबंध नसतो. तरीही ‘एकरकमी घे, इथे सही कर’ हा आग्रह टाके ओले असतानाच सुरू होतो. थांबा. तुटलेली आणि जोडलेली स्पर्शाची नस (मज्जातंतू) दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. मनगटापाशी तुटली असेल तर बोटाच्या टोकाला स्पर्श येतो की नाही हे कळायलाच सहा महिने किंवा जास्त लागतात. गवंड्याला थापी धरता येईल का, हे तिसऱ्या आठवड्यात कोण सांगणार? अंतिम तडजोडीवर सही किंवा अंगठा देण्याआधी कागद युनियनला किंवा वकिलाला वाचायला द्या. पकड, संवेदना आणि सांध्यांची हालचाल मोजून डॉक्टरांनी अपंगत्वाचं प्रमाणपत्र दिल्यावरच रकमेचं बोला. तोवर हाताचा व्यायाम चुकवू नका, त्याच्या प्रत्येक भेटीची पावती जपा. कामावर परत जाताना किती वजन उचलायचं आणि कुठली मशीन चालवायची नाही, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या आणि त्याची एक प्रत मुकादमाला द्या.