बाईकचा क्लच जड झालाय? आधी केबलला तेल पाजा

पावसाळ्यानंतर क्लच दाबताना बोटं दुखायला लागली की बरेच जण थेट नवी केबल टाकतात. पुष्कळदा केबल फक्त आतून कोरडी पडलेली असते.

१. हँडलजवळचा ॲडजस्टर (केबलचा ताण कमीजास्त करणारा स्क्रू) पूर्ण आत फिरवा. ॲडजस्टर, लॉकनट (ॲडजस्टर जखडणारा नट) आणि लिव्हर यांच्या खाचा एका रेषेत आणा, म्हणजे तार बाजूला सरकते आणि टोकाची गोळी लिव्हरमधून निघते.

२. दुधाच्या रिकाम्या पिशवीचा कोपरा किंचित कापून केबलच्या तोंडावर चढवा, रबरबँडने घट्ट आवळा.

३. त्यात दोन चमचे इंजिन ऑइल ओता. तार वरखाली हलवत राहा. खालच्या टोकाला काळं तेल ठिबकेपर्यंत थांबा. घाई नको, रात्रभर ठेवलं तर उत्तमच.

४. लिव्हरच्या बोल्टला बोटभर ग्रीस लावून सगळं परत जोडा. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते १५ मिमी मोकळी हालचाल (तार ताणली जाण्याआधीची ढिलाई) राहू द्या, नाहीतर क्लचप्लेट घसरून जळतात.

गोळीजवळ तारेचा एक जरी धागा तुटलेला दिसला, तर तेलाचा उपयोग नाही. ती केबल बदलाच, भर रस्त्यात तुटते.